बावीस एकर माळ, दोन भाऊ आणि एक जेसीबी

वाचकाचं पत्र: इंदापूर तालुक्यात आमचा २२ एकर माळ आहे. रस्त्याकडेच्या ६ एकरांत वडील पूर्वी बाजरी करायचे. उरलेल्या १६ एकरांना नांगर कधीच लागलेला नाही. वडील गेल्यावर जमीन आम्हा दोघा भावांच्या नावावर आली. मी पिंपरीत नोकरी करतो, धाकटा गावी असतो. माळावर चिंकारे दिसतात, दोन वर्षं लांडग्यांची जोडीही आहे. भाऊ म्हणतो, सगळा माळ सोलरवाल्यांना देऊ, नाहीतर जेसीबी लावून सपाट करू आणि डाळिंब लावू. मला तो प्राण्यांसाठी राखायचा आहे. भोवती चेनलिंकचं कुंपण, २,००० झाडं आणि एक पाणवठा, असं मनात आहे. पावसाळ्यात एक मेंढपाळ कुटुंब ८०-एक मेंढरं घेऊन येतं, त्यांना आता नाही म्हणावं का? आणि वन्यप्राणी आहेत हे कळलं तर वनखातं जमीन घेईल का? गेल्या उन्हाळ्यात भावाच्या शेततळ्यात एक खोकड बुडून मेलं, ते डोळ्यांसमोरून जात नाही.
एक वाचक, पिंपरी-चिंचवड

नमस्कार.

कुंपण, झाडं आणि पाणवठा ही तिन्ही कामं तूर्त बाजूला ठेवा. मेंढपाळाला नाही म्हणू नका. आणि भावाशी बोलताना सोलर हा शब्द आला की लगेच भांडू नका, कारण त्याच्या म्हणण्यात निम्मं तथ्य आहे.

माळावर चिंकारा, लांडगा, खोकड आहेत ते तिथे गवत आहे म्हणून, झाडी वाढेल या आशेने नव्हे. इंदापूर-बारामतीकडच्या माळावर मातीचा थर बहुतेक ठिकाणी वीतभरही नसतो, खाली लगेच मुरूम लागतो. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास. एवढ्या मातीत आणि एवढ्या पाण्यावर जे पूर्ण वाढतं ते गवत, आणि मधूनमधून एखादी बोर, हिवर किंवा खैर. ही पडीक जमीन नाही, तिची पूर्ण वाढ एवढीच असते. तिथे २,००० खड्डे खणले की २,००० ठिकाणी मुरूम वर येतो, गवताचे ठोंब मरतात, आणि पहिली तीन वर्षं टँकरने पाणी घातलं नाही तर रोपंही मरतात. जगतात ती गिरिपुष्प आणि सुबाभूळ, म्हणजे माळाच्या कामाची नसलेलीच. शिवाय चिंकारा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे, त्याला लांबपर्यंत दिसावं लागतं. झाडी दाट झाली की तो जागा सोडतो. चंडोल, धाविक, पखुर्डी हे जमिनीवर घरटं करणारे पक्षीही तसेच. झाडावर कावळा आणि शिक्रा बसायला लागला की त्यांची अंडी-पिल्लं राहत नाहीत. त्यामुळे झाडांचे पैसे वाचवा. ओढ्याच्या काठाला बोरीची, हिवराची रोपं आपोआप आलेली असतील, तेवढी तोडू नका म्हणजे झालं.

आता भावाचं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ असा दर आहे. एकराला साधारण ५०,६०० रुपये. जमीन उपकेंद्रापासून योजनेत ठरलेल्या अंतरात असेल तरच हे जमतं, ते आधी महावितरणकडे विचारून घ्या. दलालाच्या शब्दावर जाऊ नका. पण दर खरा आहे, आणि गवत त्याच्याशी पैशात कधीच बरोबरी करणार नाही. उगाच तसं सांगून भावाला पटवायला गेलात तर पहिल्याच हिशेबात तोंडघशी पडाल.

हिशेब कसा होतो ते बघा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात माळावर चार काठ्यांचा १ मीटर बाय १ मीटर चौकोन करा. वाढ दाट, मध्यम आणि विरळ अशा वेगवेगळ्या दहा ठिकाणी तो टाका, आतलं गवत जमिनीपासून चार बोटं ठेवून कापा, उन्हात चार-पाच दिवस खडखडीत वाळवा आणि वजन करा. दहा चौकोनांची सरासरी जितके ग्रॅम, त्याच्या चौपट किलो वाळलं गवत एका एकरात आहे असं समजा. समजा सरासरी १५० ग्रॅम आली: एकराला ६०० किलो, १६ एकरांत ९,६०० किलो. यातलं निम्मंच उचलायचं, निम्मं माळावर सोडायचं. हा नियम मोडू नका, कारण पुढच्या वर्षीचा फुटवा खाली उरलेल्या काडीतून आणि मुळांतल्या साठ्यातून येतो. म्हणजे हाती ४,८०० किलो. किलोला १० रुपये धरले तरी ४८,००० रुपये. सोलरच्या एका एकराचं भाडं!

म्हणून आमचा सल्ला असा: रस्त्याकडेचे ६ एकर भावाला करू द्या, सोलर म्हणा, डाळिंब म्हणा. ते नांगरलेले आहेत. तिथे जुन्या गवताचे ठोंब उरलेले नाहीत, आणि ते परत आणायला तुमचं आयुष्य पुरणार नाही. १६ एकरांचं तसं नाही. न नांगरलेला माळ ओळखायची खूण म्हणजे पवन्या, मारवेल, डोंगरी ही बहुवर्षायु गवतं. त्यांचे ठोंब वेगवेगळे उभे असतात आणि हाताने ओढले तर उपटत नाहीत. नांगरून सोडलेल्या रानात मात्र मुठीत धरली की मुळासकट हातात येणारी बारीक कुसळांची वर्षायु गवतं माजतात, मध्ये गाजरगवत. दोन्ही तुकड्यांत एकदा भावाला घेऊन फिरा आणि त्यालाच उपटायला सांगा. जेसीबीने १६ एकर सपाट केले तर वीतभर माती मुरुमात मिसळून जाईल; त्यात डाळिंबाला बाहेरून गाळ आणावा लागेल, ठिबक लागेल, पाणी लागेल. तो खर्च भावाने कागदावर मांडलेला नसावा. मांडायला लावा.

वाटणी मात्र आधी. सातबाऱ्यावर दोघांची नावं सामाईक आहेत तोवर तुम्ही एकट्याने १६ एकरांचं काहीही ठरवू शकत नाही, आणि त्यानेही ६ एकरांचा करार एकट्याने करू नये. भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या, मग संमतीने जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटप. सोलरचं भाडं फक्त भावाला आणि माळ फक्त तुम्हाला असं झालं तर दोन वर्षांत घरात कुरकुर सुरू होईल, हे वाटपाच्या आधीच बोलून घ्या. भाड्यातला वाटा सोडून तुम्ही माळाचे जास्त एकर घेता, असा हिशेब बसतो का ते पाहा.

वनखात्याची भीती. प्राणी दिसला म्हणून खासगी जमीन वनखात्याची होत नाही. पण गावोगाव ही भीती आहे ती उगाच नाही. सोलापूरकडचं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं तेव्हा त्याची हद्द ८,४९६ चौरस किलोमीटर होती, त्यात असंख्य खासगी शेतं आणि गावं आली, आणि व्यवहारांवरच्या बंधनांनी लोक बरीच वर्षं हैराण झाले. पुढे ती हद्द सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणली. हे लक्षात असल्यामुळे तिकडचे शेतकरी आजही पक्ष्याचं नाव काढायला कचरतात. तुमच्या बाबतीत कुणी हद्द आखत नाहीये. उलट, जमीनमालकाने स्वतःहून पुढे यायचं असेल तर वन्यजीव संरक्षण कायद्यात कलम ३६सी आहे, समुदाय राखीव क्षेत्र. २००२ च्या दुरुस्तीने ते आलं. खासगी जमीन मालकाच्या इच्छेनेच त्यात जाते, मालकी तुमचीच राहते, व्यवस्थापन समितीत जमीनमालक म्हणून तुम्ही, ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी आणि वनखात्याचा माणूस असतो. पण एकदा अधिसूचना निघाली की समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मान्यता यांशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. मुलांच्या शिक्षणाला चार एकर विकावे लागतील असं वाटत असेल तर या वाटेला आत्ता जाऊ नका. पाच वर्षं माळ चालवून बघा, मग ठरवा.

आता माळ चालवायचा कसा. इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण बहुतेक जण इथेच चुकतात. राखायचं म्हणजे बंद करायचं, अशी समजूत असते. पूर्ण बंद केलेल्या माळावर पहिलं वर्ष छान दिसतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वाळलेल्या जुन्या काडीचा थर साचतो, खालच्या फुटव्याला ऊन मिळत नाही, ठोंब आतून पोकळ होतात, आणि फेब्रुवारीत कुणाच्या तरी बिडीने सगळं पेटतं. मेंढरं हवीतच, पण त्यांचं वेळापत्रक तुम्ही ठरवायचं.

१६ एकरांचे चार-चार एकरांचे चार तुकडे करा. तारा नकोत, कोपऱ्यांवर दगडांचे ढीग रचून त्यांना चुना लावला तरी मेंढपाळाला पुरतं.

पहिला तुकडा पावसाळ्यातल्या चराईचा. धनगरांचे वाडे (कुटुंबं आणि कळप मिळून फिरणारे तळ) दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात, म्हणजे नेमकं गवत वाढायच्या दिवसांत ते घरी असतात. तेव्हा "ऑक्टोबरपर्यंत माळ बंद" असं फर्मान काढलं तर ते कुणी पाळणार नाही. त्याऐवजी पाऊस लागल्यापासून चार आठवडे कुठेही चराई नाही. गवत वीतभर झालं की या एकाच तुकड्यात आठवडाभर. वरच्या हिशेबाने ४ एकरांत २,४०० किलो, निम्मे १,२०० किलो. मेंढीला दिवसाला साधारण एक किलो वाळलं गवत लागतं, ८० मेंढरांना ८० किलो. म्हणजे एकूण १५ दिवसांची चराई. ती सलग देऊ नका: एक आठवडा जुलैअखेर, मग महिनाभर विश्रांती, दुसरा आठवडा ऑगस्टअखेर. सलग पंधरा दिवस दिले की मेंढी नव्या फुटव्याच्याच मागे लागते आणि ठोंब मुळापासून खाते.

दुसरा तुकडा फुलोऱ्यात कापायचा, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला. निम्मं गवत फुलावर असताना कापलं की पोषण सर्वांत चांगलं. बी पडल्यावर कापलेलं गवत म्हणजे नुसतं पोट भरायचं साधन. मात्र या दिवसांत काही पक्ष्यांची उशिराची घरटी असतात. कापणी कडेने आत नेऊ नका, मधोमध सुरू करून बाहेर न्या, म्हणजे लावे, ससे आणि पिल्लं शेवटच्या उभ्या पट्ट्यात अडकत नाहीत, बाजूच्या तुकड्यात निसटतात. विळा जमिनीपासून चार बोटं वर. पाडस एकटं बसलेलं सापडलं तर उचलून आणायचं नाही. चिंकाऱ्याची मादी ते गवतात ठेवूनच चरायला जाते.

तिसऱ्यात बी पडून गेल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात, कापणी किंवा चराई. चौथा पुढच्या जूनपर्यंत उभा. हाच तुकडा सगळ्यात महत्त्वाचा: हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे भोवत्या पक्षी रात्री जमिनीवरच, उंच गवतात मुक्काम करतात, आणि खोकडाला व लांडग्याला आडोसाही इथेच मिळतो. दुसऱ्या वर्षी चक्र पुढे सरकतं: उभा ठेवलेला तुकडा पावसाळी चराईला (मेंढरं जुनी काडी तुडवून जिरवतात), चरलेला तुकडा बी पडेपर्यंत मोकळा, बी पडलेला तुकडा फुलोऱ्यात कापणीला, आणि कापलेला तुकडा उभा. चार वर्षांत प्रत्येक ठोंबाला एकदा पूर्ण विश्रांती मिळते.

मेंढपाळाशी पैशांचं काय ठरवायचं ते तुमच्या गावच्या रिवाजाने ठरवा. काही गावांत शेतकरीच मेंढ्या बसवण्याचे पैसे देतो, कारण लेंडीखत. बाजरीच्या सहा एकरांत वाडा बसवून घ्या, माळावर नको. माळाला खत घातलं की तरोटा आणि गाजरगवत वाढतं. गवत विकत दिलं तर कागदावर लिहा की फक्त गवत कापून नेण्याचा हक्क, तोही ठरावीक तारखांपुरता, जमिनीचा ताबा दिलेला नाही. कूळ लागण्याची धास्ती त्याने जाते. मसुदा वकिलाला दाखवून घ्या.

जाळणं बंद. "जाळलं की गवत चांगलं येतं" हे तुम्हाला गावात प्रत्येक जण सांगेल. जाळल्यावर हिरवं लवकर दिसतं ते खरं, पण वर्षानुवर्षं जाळलेल्या माळावर वाढते ती कुसळी, कारण आग सोसण्यात ती तरबेज आहे. तिची अणकुचीदार कुसळं ऑक्टोबरात मेंढीच्या लोकरीत, कातडीत, तोंडात घुसतात. तुमच्या माळावर कुसळीच जास्त असेल तर ते भाग कुसळ धरायच्या आधी, सप्टेंबरच्या मध्यात कापून घ्या, निदान तीन वर्षं ओळीने. बाहेरून येणाऱ्या आगीसाठी जानेवारी संपायच्या आत हद्दीने ४ ते ५ मीटर रुंदीची जाळरेषा करा: गवत कापून, झाडून, साफ. जाळून नव्हे. रस्त्याच्या बाजूला ती जास्त रुंद ठेवा, आग बहुतेक वेळा तिकडून येते.

वेडी बाभूळ दिसली तर आत्ताच आवरा. वरून तोडली तर बुंध्यातून दहा फांद्या फुटतात. जमिनीखाली वीतभर खोल जाऊन मुळाचा गड्डा काढावा लागतो, आणि ते काम जुलैत, माती ओली असताना कुदळीने करायचं. बोटाएवढी रोपं हाताने उपटतात. जेसीबी एका झाडासाठी खाटेएवढी माती उलथतो, त्या खड्ड्यात पुन्हा हीच बाभूळ उगवते. एप्रिल ते जून मेंढरं तिच्या शेंगा खातात आणि बी लेंडीतून पडतं, उगवायला आणखी तयार होऊन. बाहेरून आलेला कळप पहिले पाच-सहा दिवस बाजरीच्या रानात बसवा, मग माळावर सोडा. तोडताना खैराला हात लावू नका. तो वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहे, परवानगी लागते.

जिथे गड्डे काढले तिथे पेरायला बी बाजारातून आणू नका. तुमच्याच माळावरच्या पवन्याचं आणि मारवेलचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओरबाडून, सावलीत वाळवून, सुती पिशवीत ठेवा. ताजं बी लगेच उगवत नाही, काही महिने झोपलेलं असतं, म्हणून पुढच्या जूनलाच पेरा. बारीक माती, शेण आणि बी ओलसर कालवून विस्कटा, नाहीतर कुसळांचं हलकं बी वाऱ्याने उडतं. वरून बाभळीची काटेरी फांदी ओढली की पुरे. एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं तर उगवत नाही.

समतल चर खोदायला कुणी आलं, सरकारी असो की संस्थेचं, तर न नांगरलेल्या माळावर नको म्हणा. ओघळ पडलेली असेल तर तिच्यात दगडांचे छोटे बांध घाला, ते चालतात.

कुंपण. १६ एकरांचा घेर निदान एक किलोमीटर भरतो. एक किलोमीटर चेनलिंक म्हणजे चिंकाऱ्यांची वाट बंद आणि कुत्र्यांना कोपरा मिळाला. कुत्री जाळीकडे पिटाळतात आणि तिथेच धरतात. शक्य असेल तर कुंपण घालूच नका. भावाच्या पिकाच्या बाजूला लागलंच तर खांबांवर तारा घ्या: सर्वांत खालची तार साधी, बिनकाट्याची, जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर (चिंकारा शक्य तो खालूनच जायला बघतो), सर्वांत वरची १०५ सेंटिमीटरवर, तीही बिनकाट्याची. भावाला हेही सांगून ठेवा की पिकाभोवती घरच्या लाइनचा करंट सोडणं हा गुन्हा आहे, आणि त्यात रात्री दारं धरायला (पिकाला पाणी द्यायला) गेलेली माणसंही मरतात.

लांडग्यांविषयी तुम्ही काही विचारलं नाही, पण माळ राखला तर तेच सर्वांत अवघड प्रकरण ठरेल. हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, त्यांची पिल्लं होतात. बीळ सापडलं तर तिकडे जाऊ नका, धूर करू नका, आणि मुख्य म्हणजे फोटोवाल्यांना जागा सांगू नका. कडबनवाडी आणि शिर्सुफळला वनखात्याने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केल्यापासून त्या भागात कॅमेऱ्यांची वर्दळ आहे. त्यांना तिथेच जाऊ द्या. मेंढपाळाला रात्री वाघर (कळपाभोवतीची जाळी) लावून, कोकरं मध्ये घेऊन वाडा बसवायला सांगा. तरी कधीतरी मेंढरू जाणारच. तेव्हा मेलेलं जनावर जागचं हलवायचं नाही, फोटो काढायचे, ४८ तासांच्या आत वनरक्षकाला कळवायचं, पशुवैद्यकाचा दाखला आणि पंचनामा करून घ्यायचा. ऑगस्ट २०२२ च्या शासन निर्णयाने मेंढी-शेळीला बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यांतलं कमी ते मिळतं. नवा निर्णय निघाला आहे का तेवढं विचारून घ्या. फिरत्या मेंढपाळाला हे कागद एकट्याने जमत नाहीत, तो गप्प बसतो आणि पुढच्या वेळी मेलेल्या मेंढीवर विष टाकतो. त्या विषाने लांडगा मरतो, खोकड मरतं, त्यावर बसलेला गरुडही मरतो. वनखात्याचा क्रमांक १९२६ आहे. तो फोन तुम्ही करायचा, त्याच दिवशी.

लांडग्याहून मोठा धोका मोकाट कुत्र्यांचा. ती चिंकाऱ्यांच्या मागे लागतात, रेबीज आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा विषाणूजन्य रोग) पसरवतात, आणि लांडग्यांशी त्यांचा संकरही होतो. पुण्याजवळ तसा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत सिद्ध झालं आहे. तुमच्या भागात कुत्री पोसली जातात ती पोल्ट्रीच्या मेलेल्या कोंबड्यांवर. आसपासच्या शेडवाल्यांशी बोला: कोंबड्या ओढ्यात टाकायच्या नाहीत, पुरुषभर खोल खड्डा, प्रत्येक थरावर चुना आणि माती. मेंढपाळाच्या कुत्र्यांना रेबीज आणि डिस्टेंपरची लस दरवर्षी तुमच्या खर्चाने द्या. २,००० रोपांच्या मानाने हा खर्च काहीच नाही.

पाणवठ्याची गरज दिसत नाही. चिंकारा पाण्याशिवाय बराच काळ काढतो, आणि बाजूला कालव्याचं, शेतांचं पाणी आहे. नवा पाणवठा केला की पहिली येतात ती कुत्री. पुढे कधी केलातच तर उभ्या भिंतींची टाकी नको. बशीसारखा, तीन मीटर रुंद, मधोमध फक्त ३५ सेंटिमीटर खोल करा. त्यात १,२०० लिटरच्या आसपास पाणी मावतं.

शेततळ्याचं काम मात्र उद्यावर टाकण्यासारखं नाही. प्लास्टिकच्या कागदावर पाय ठरत नाही; प्राणी पाण्यात पडला की कडेने पोहत फिरतो, कोपऱ्यात येऊन चढायला बघतो, घसरतो, दमतो आणि बुडतो. म्हणून चारही कोपऱ्यांत सोय करा. काथ्याच्या जाड दोरखंडाची मीटरभर रुंद जाळी विणून घ्या, गाठी वीतवीत अंतरावर, काठापासून थेट तळापर्यंत पोचेल एवढी लांब. वरचं टोक काठापासून दीड-दोन मीटर मागे लोखंडी खुंटाला बांधा, कागदाला भोक पाडू नका. खालच्या टोकाला वाळू भरलेली पोती बांधा, नाहीतर जाळी पाण्यावर तरंगते आणि प्राणी तिच्यात गुरफटतो. काथ्याऐवजी जुने टायर एकमेकांना बांधून सोडले तरी चालतात, आणि ते जास्त टिकतात. दरवर्षी मेमध्ये, तळं अर्धं रिकामं असताना, खालचं टोक तळाला टेकतंय ना ते बघा. पाणी खाली गेल्यावरच बहुतेक प्राणी बुडतात. माळाजवळ बिनकठड्याची जुनी विहीर असेल तर तिला कमरेएवढा दगडी कठडा याच फेरीत बांधून घ्या.